मारहाणीच्या घरातील तरुणांस आधार

ज्या घरात आईला मार बसतो त्या घरातील लहान लेकरांची कीव सर्वांस येते. परंतु तेच लेकरू अठरा-वीस वर्षांचे झाले म्हणजे, "आता ते मोठे झाले, आपले आपण पाहील," असे म्हणून आपण मोकळे होतो. आजच्या पाठात आपण ह्याच वयाचा विचार करू.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगविणारी मुलगी, अथवा रोह्याजवळ धाटाव येथे पाळीवर जाणारा मुलगा पाहा. पगार हाती येतो, तरी पाय घराबाहेर निघत नाही. आपण गेलो तर आईचे काय होईल, ही धास्ती. कोणी रात्रभर जागा राहतो, कोणी अबोल होतो, कोणी बापाचाच राग अंगी बाणवितो. अशांस आळशी किंवा उर्मट म्हणणे अन्यायाचे होय.

कोकणातीलच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील फार कडक व तापट. आई जानकीबाई ह्यांचा त्या घरी छळ झाला. आई निवर्तल्यावर मुलगा घर सोडून नाशिकास गेला. तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांनी त्यास संस्कृत शिकविले, आणि पुढे महाराष्ट्रास एक कवी लाभला. मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त पतीचा तापटपणाही लपविला नाही. घराबाहेरचा एक आश्रय आयुष्य फिरवितो. तथापि लहानपणी पाहिलेला संताप सहज पाठ सोडीत नाही.

मग आपण काय करावे?

पहिले, ऐकावे. एकांतात बोलावे; "तू काय केलेस म्हणून मार बसला?" असे विचारू नये. ऐकलेले गावभर करू नये. बापाच्या दारी जाब विचारावयास जाऊ नये. आपण परतल्यावर त्याचा सूड घरच्यांवर निघतो.

दुसरे, रात्री-अपरात्री दार उघडील असे एक विश्वासाचे घर ठरवून ठेवावे. शाळेचे दाखले, आधारकार्ड, बँकेचे पासबुक तेथे ठेवू द्यावे. शिक्षण व नोकरी मध्येच सुटू देऊ नये.

तिसरे, कायद्याची वाट दाखवावी. स्त्रियांच्या संरक्षणाचा २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. तो केवळ पत्नीसाठी नाही. बाप किंवा भाऊ मारीत असल्यास मुलीसही त्याचा आधार मिळतो. सज्ञान मुलास स्वतःसाठी ह्याखाली अर्ज करता येत नाही. परंतु आईच्या वतीने तो करू शकतो, आणि स्वतःस झालेल्या मारहाणीची फिर्याद पोलिसांत देऊ शकतो. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो. पहिली सुनावणी साधारणतः ३ दिवसांत ठेवावी, असे कायदा सांगतो. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्यास खबर द्यावी. सद्हेतूने दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर दोष येत नाही. स्त्रियांस सरकारी वकील-साहाय्य विनामूल्य मिळते. त्यासाठी दूरध्वनी १५१००. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१, आणि जीवावर बेतल्यास ११२.

"मिटवून घ्या, घरची गोष्ट आहे," हा सल्ला देणे सोपे असते. पण तो देऊन आपण घरी जाऊन निजतो. ते मूल मात्र त्याच घरी परत जाते. म्हणून तो सल्ला ओठांवर येण्यापूर्वी, आज रात्री हे कोठे निजेल, एवढे आधी विचारावे.