ऋतुप्राप्ती ते विवाह : धर्म, मौन आणि आपली मुले

विवाहापूर्वी शरीरसंबंध नकोत, ही शिकवण हिंदू घरात ब्रह्मचर्याच्या, बौद्ध घरात तिसऱ्या शिलाच्या, तर मुस्लिम घरात निकाहच्या मर्यादेच्या रूपाने दिली जाते. आशय जवळजवळ एकच. मात्र आपल्याकडील अनेक घरांत हा निर्बंध रुजला, तेव्हा मुलीची ऋतुप्राप्ती आणि विवाह यांत अंतरच नव्हते. 1891 साली संमतिवय 10 वरून 12 झाले, तेव्हा गर्भाधान संस्कार बुडतो म्हणून पुण्यात केवढे वादळ उठले! लोकमान्य टिळक विरोधात, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूने. पुढे सारडा कायद्याने (1929) मुलीचे विवाहवय 14, तर 1978 मध्ये 18 झाले. आज पाळी बारा-तेराव्या वर्षी येते आणि शिकलेल्या घरांत लग्न पंचविशीला पोहोचते. या मधल्या दहा-बारा वर्षांसाठी घरात नियम आहे, संभाषण नाही.

बालाघाटपासून फार दूर नसलेल्या बस्तरमध्ये मुरिया गोंडांनी निराळे उत्तर शोधले होते. अविवाहित मुलामुलींचा घोटुल लिंगो देवाने स्थापला, अशी त्यांची श्रद्धा. व्हेरियर एल्विन यांच्या 1947 च्या ग्रंथात त्याची शिस्त, कामांची वाटणी आणि लग्नानंतरच्या निष्ठेची अपेक्षा सविस्तर आली आहे. (घोटुलविषयी चवीने बोलणाऱ्यांनी तो ग्रंथ क्वचितच वाचलेला असतो.) ते उत्तर आपण उचलावे असे मुळीच नव्हे, पण तेथे धर्मानेच या विषयाला जागा दिली होती.

आपल्याकडे धर्माचा परिणाम वर्तनापेक्षा मौनावर अधिक दिसतो. 'धात जाते' म्हणून मुलगा स्वप्नदोषाला पाप समजून खंगतो. मुलगी उलट्या, पोटदुखी घेऊन येते आणि पाळीची तारीख आई सांगते! देवभीरू घरातली मुलगी अधिक उशिरा येते, असा माझा अनुभव आहे. 2007 मध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेशासह काही राज्यांनी संस्कृतीचे कारण देऊन शाळांतील किशोरशिक्षण कार्यक्रम रोखला. हे मौन त्याने आणखी घट्ट केले.

पॉक्सो कायद्यानुसार (2012) 18 वर्षांखालील मुलीची संमती ग्राह्य नाही आणि कलम 19 प्रमाणे डॉक्टरांना खबर द्यावी लागते. अब्रूच्या भीतीने पालक मग भोंदूकडे जातात, आणि तेथे मुलीचा जीव धोक्यात येतो. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 रोजी स्पष्ट केले, की परस्परसंमतीच्या संबंधातून गर्भवती झालेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांनी खबर देताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. अल्पवयीन मुलीसाठी 24 आठवड्यांची मर्यादा 2021 पासून आहे, पालकाची लेखी संमती मात्र हवी. या दोन गोष्टी आईला पहिल्याच भेटीत, शांतपणे सांगाव्यात.

त्याआधी आईला दहा मिनिटे बाहेर बसवावे, परिचारिकेला आत ठेवावे आणि पाळीची तारीख मुलीलाच विचारावी. लघवीची चाचणी सोनोग्राफीच्या आधी करावी.