कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संस्थेचे उत्तरदायित्व

कारखान्यात बॉयलर बसविला म्हणजे त्याला दाबमापक असतो, सुरक्षा-झडप असते, त्याची मुदतीने तपासणी होते आणि तो चालविणाऱ्याला तशी पात्रता मिळवावी लागते. भारतात यासाठी 1923 सालीच कायदा झाला, कारण बॉयलर फुटला तर माणसे मरतात हे सर्वांनी पाहिलेले होते. कार्यालयात बसविलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रणा मात्र बिघडली तरी तिचा आवाज होत नाही. टपाल नेहमीप्रमाणे जाते, नोंदी होतात, आकडे जुळतात. जे होरपळतात ते संस्थेच्या भिंतीबाहेर असतात. यामुळेच या यंत्रणेच्या जोखमीचे व्यवस्थापन हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही. नेदरलँड्समधील एका प्रकरणावरून हे चांगले समजते.

त्या देशात नोकरी करणाऱ्या आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी शासन अनुदान देते. हे अनुदान आगाऊ मिळे आणि त्याचे वाटप कर-प्रशासनाकडे होते. 2013 मध्ये बल्गेरियातून आलेल्या काही टोळ्यांनी अनुदानात लबाडी केल्याचे उघड झाले, मोठा गहजब झाला आणि प्रशासनावर कडक धोरणाचा दबाव आला. त्याच वर्षी जोखमीचे वर्गीकरण करणारी एक स्वयंशिक्षित आज्ञावली वापरात आली. पूर्वीच्या अर्जांपैकी कोणते बरोबर व कोणते चुकीचे ठरले यावरून ती शिके आणि नव्या अर्जाला जोखमीचा आकडा देई. आकडा देताना ती ज्या बाबी विचारात घेई त्यांपैकी एक होती : अर्जदार डच नागरिक आहे की नाही.

ही बाब तेथे असण्याचे काहीच कारण नव्हते. दुहेरी नागरिकत्वाच्या जुन्या नोंदी तर जानेवारी 2014 मध्येच पुसून टाकावयास हव्या होत्या. तथापि मे 2018 मध्येही सुमारे 14 लाख लोकांच्या अशा नोंदी तशाच पडून असल्याचे तेथील माहिती-संरक्षण प्राधिकरणाला आढळले. अशा गैरवापराबद्दल 2021 च्या डिसेंबरमध्ये कर-प्रशासनाला साडेसत्तावीस लाख युरो दंड झाला. माहिती पुसण्याचे काम कंटाळवाणे असते, त्यात कोणाला बढती मिळत नाही. म्हणून ते राहून जाते, असाच सर्वत्र अनुभव आहे.

येथे वाचक विचारील, अंतिम निर्णय तर माणूसच घेत होता ना? होय. ज्या अर्जांचा आकडा मोठा, ते तपासणीसाठी कर्मचाऱ्यापुढे येत. परंतु आकडा मोठा का आला, हे त्याला सांगितले जात नसे. कारण ठाऊक नसताना त्याने काय तपासावे? संशयित म्हणून पुढे आलेल्या अर्जात संशयास्पद काही शोधणे, एवढेच त्याच्या हाती उरले. आणि शोधले की सापडतेच : एखादी सही राहिलेली, एखादी लहानशी रक्कम पालकांनी स्वतः न भरलेली. कायद्याचा त्या वेळचा अर्थ असा लावला जाई की, थोडी चूक असली तरी वर्षाचे सारे अनुदान परत करावे लागे. कित्येक कुटुंबांकडून हजारो युरो मागण्यात आले. ज्यांच्यावर हेतुपुरस्सर चुकीचा शिक्का बसला, त्यांना हप्त्यांची सवलतही नाकारली गेली. घरे गेली, संसार मोडले.

सारा दोष यंत्रावर टाकणे सोयीचे आहे, पण ते खरे नाही. यंत्राने फक्त बोट दाखविले. कायद्याचा कठोर अर्थ लावणारे आणि त्यावर 2019 पर्यंत शिक्कामोर्तब करणारे न्यायाधिकारी माणसेच होती. यंत्रामुळे फरक पडला तो इतकाच की, अमुक कुटुंबच का निवडले गेले, या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणीही इमारतीत उरला नाही.

आतून कोणी सावध केले नाही असेही नव्हे. एका पाळणाघर-संस्थेशी संबंधित पालकांवर प्रशासनाने अन्याय केला असून त्यांना भरपाई द्यावी, असे टिपण मार्च 2017 मध्येच प्रशासनाच्या एका विधिविषयक सल्लागाराने लिहिले होते. ते बाजूला पडले आणि 2020 मध्ये संसदेपुढे आले. त्या डिसेंबरात संसदीय चौकशी समितीने आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ अशा अर्थाचे नाव दिले. 15 जानेवारी 2021 रोजी मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

यानंतर जी नियमावली निरनिराळ्या ठिकाणी तयार झाली, तिच्यात या अनुभवाशी जुळणारे बरेच काही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात चार कामे सांगितली आहेत : जबाबदारीची व्यवस्था लावणे, जोखीम कोठे उद्भवते हे मांडणे, तिचे मापन करणे आणि तिला आवर घालणे. पैकी पहिले काम उरलेल्या तिहींमध्ये भिनलेले असावे, असा त्याचा आग्रह आहे. युरोपीय संघाचा 1 ऑगस्ट 2024 रोजी अमलात आलेला कायदा अधिक स्पष्ट आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या होत्या. अधिक जोखमीच्या यंत्रणेवर देखरेख करणाऱ्या माणसाला तिचा निष्कर्ष बाजूला सारण्याची व ती थांबविण्याची मुभा हवी, आणि यंत्रावर विसंबून राहण्याच्या मानवी प्रवृत्तीची त्याला जाणीव हवी, असे तो म्हणतो. सार्वजनिक अनुदानाची पात्रता ठरविणाऱ्या यंत्रणा याच वर्गात मोडतात.

उत्तरदायित्व यंत्राकडे ढकलण्याचा प्रयत्न खाजगी व्यवसायातही झालेला आहे. एअर कॅनडा या विमानकंपनीच्या संभाषण-यंत्राने एका प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. भरपाई मागितल्यावर ते यंत्र स्वतःच्या बोलण्यास स्वतःच जबाबदार आहे, असा काहीसा युक्तिवाद कंपनीने केला. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने तो फेटाळला.

व्यवहारात व्यवस्थापकाने एक साधी नोंद ठेवावी : यंत्राचा निष्कर्ष कर्मचाऱ्यांनी किती वेळा नाकारला. वर्षभर एकदाही नाकारला नसेल, तर यंत्राच्या अचूकतेचा आनंद मानण्यापूर्वी कर्मचाऱ्याला एका प्रकरणासाठी किती मिनिटे मिळतात आणि नकार दिल्यास वरिष्ठ त्याला काय म्हणतात, हे पाहावे. डच प्रशासनाने आपली आज्ञावली 2020 मध्ये बंद केली. डिसेंबर 2022 मध्ये तेथील शासनाने सरकारी कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या गणनपद्धतींची सार्वजनिक नोंदवही उघडली. कोणते कार्यालय कोणती पद्धत कशासाठी वापरते, हे नागरिकाला तीत पाहता येते.