खोक्यावरचे वॅट आणि पानावरचा उजेड

"ग्रो लाइट कुठला घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "लावणार काय, आणि किती जागेत?" हे ठरल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन येतं ते जेमतेम तासभर. म्हणून हॉलच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांत हायड्रोपोनिक्स मांडलं आणि त्यात लेट्यूस आणि बेसिल लावलं. वर ऑनलाइन मागवलेला जांभळा दिवा टांगला. खोक्यावर ठळक '600 वॅट' छापलेलं. खोली लखलखली, पण रोपं किडकिडीत होऊन लांबत गेली. द्रावण बदललं, एअर पंप तपासला, फरक पडेना. मग प्लगला वीज मोजायचं मीटर लावलं, तर दिवा 40 वॅटसुद्धा ओढत नव्हता. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: तो आकडा 'समतुल्य' वॅटचा आहे!

तेव्हा पहिली गोष्ट, दिवा प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते विचारा. लेट्यूससारख्या पालेभाजीला दोन बाय दोन फुटांत चांगल्या एलईडीचे खरे 50 ते 60 वॅट लागतात.

दुसरी गोष्ट, डोळ्यांवर विसंबू नका. आपल्या डोळ्यांना हिरवा-पिवळा उजेड सर्वाधिक जाणवतो. रोप मात्र 400 ते 700 नॅनोमीटरमधला सगळाच प्रकाश कमी-अधिक वापरतं. म्हणून दिव्याच्या माहितीत ल्युमेन नव्हे, पीपीएफडी शोधा, म्हणजे पानांच्या पातळीवर दर सेकंदाला चौरस मीटरमागे पडणारा प्रकाश, माइक्रोमोलमध्ये. तो किती उंचीवरून मोजलाय हेही पाहा. फक्त मधोमधचा आकडा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, कडेला उजेड बराच कमी असतो. लेट्यूसला 200 ते 250 पीपीएफडी पुरतो. 250 वर 14 तास दिवा चालवला की दिवसाचा हिशेब साडेबारा मोलच्या आसपास जातो आणि लेट्यूसला तेवढं चालतं. टोमॅटो-मिरचीला मात्र 20 ते 30 मोल हवेत.

घरी मोजायचं असेल तर साधं लक्समीटर घ्या. पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या लक्सला 70 ने भागलं की पीपीएफडीचा अंदाज येतो. जांभळ्या दिव्याखाली हे गणित चालत नाही. पांढराच दिवा घ्यावा याचं हेही एक कारण; दुसरं म्हणजे त्याखाली पानावरचा पिवळेपणा, मावा, डाग लगेच दिसतात.

उंचीबाबत घाई नको. लहान बल्ब दुप्पट उंच नेला की उजेड जवळपास चौथाईवर येतो. पण फार खाली आणला तर पानांचा रंग उडतो, टोकं करपतात. फुटाभरापासून सुरुवात करा आणि रोपं पाहून दिवा वर-खाली करा. टायमर हवाच. आणि जास्त तास म्हणजे जास्त पीक असंही नाही. पालकाला 14 तासांहून मोठा दिवस दिला की तो फुलोऱ्यावर जातो.

पाणी आणि वीज शेजारी नांदणार, तेव्हा इथे काटकसर करू नका. दिवा आयपी65 दर्जाचा (पाण्याचे फवारे आत न जाऊ देणारा), अर्थिंग नीट, घरात ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच ठिबकेल. टाकी झाकलेली ठेवा. द्रावणावर उजेड पडला की शेवाळ धरतं. एप्रिल-मेमध्ये द्रावण 25 अंशांच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो आणि मुळं कुजू लागतात. त्या दिवसांत मी दिवा रात्री चालवते. रोपांना घड्याळाशी देणंघेणं नसतं, त्यांना सलग अंधाराचे काही तास मिळाले की झालं.

शेवटी वीजबिल. 60 वॅटचा दिवा 14 तास म्हणजे महिन्याला 25 युनिट. लेट्यूस, बेसिल बाजारात महाग मिळतं, तिथे हा खर्च पटतो. टोमॅटोला याच्या दुप्पट उजेड लागेल आणि मंडईतला टोमॅटो त्याहून स्वस्त पडेल. तेव्हा परवडेल तेवढा उजेड आधी ठरवा आणि त्यात मावेल तेच पीक लावा.