सुपरफॉस्फेट आणि चुना : एका पोत्यांतील आम्लाचा हिशेब

पेरणीचे दिवस जवळ आले म्हणजे गोठ्याच्या पडवींत खतांचीं मिश्रणें होऊं लागतात. सुपरफॉस्फेटचें पोतें ओतावें, त्यांत चुलीची राख किंवा विरवलेला चुना टाकावा, खोऱ्यानें खालींवर करावें व गाडींत भरावें, असा कित्येकांचा परिपाठ आहे. खत कोरडें होतें, हातास चिकटत नाहीं, म्हणून ही युक्ति सोईची वाटते. परंतु तिनें पोत्यांतील कोणता माल नाहींसा होतो हें समजण्यास, तें पोतें कारखान्यांत कसें भरलें गेलें तें पाहिलें पाहिजे.

फॉस्फेटी खडकांत स्फुरद विपुल असतें; पण तें चुन्याशीं इतकें घट्ट जखडलेलें असतें कीं पाण्यांत विरघळत नाहीं व पिकाच्या मुळांस सहसा लाभत नाहीं. इंग्लंडांत जॉन बेनेट लॉज ह्यांनीं हाडें व असले खनिज फॉस्फेट ह्यांवर गंधकाम्लाची क्रिया करून खत बनविण्याचें पेटंट १८४२ सालीं घेतलें. हिंदुस्थानांत हा धंदा १९०६ सालीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांत राणीपेट येथें सुरू झाला. आम्ल खडकांतील पुष्कळसा चुना ओढून घेतें, त्याचें जिप्सम बनतें, आणि उरलेल्या थोड्या चुन्यासह स्फुरद विद्राव्य होतें. सारी करामत एवढीच.

ह्यांत महाग जिन्नस गंधकाम्ल. एक किलो गंधकापासून तें सुमारें तीन किलो मिळतें. भारतांत गंधक व फॉस्फेटी खडक हे दोन्ही मोठ्या प्रमाणावर परदेशांतून आणावे लागतात. राजस्थानांत उदयपूरजवळ झामरकोटडा येथें खडक निघतो, पण देशाची गरज त्यानें भागत नाहीं. म्हणून कारखानदार आम्ल अदमासानें ओतीत नाहीं. पदार्थ परस्परांशीं ठराविक वजनांनींच संयोग पावतात, ह्या नियमावर तो हिशेब मांडतो. शुद्ध कॅल्शियम फॉस्फेटाच्या ३१० भागांस शुद्ध गंधकाम्लाचे १९६ भाग लागतात. म्हणजे १०० किलोस सुमारें ६३ किलो. (खऱ्या खडकांत फ्लोरीनहि असतें, आणि त्याचा विषारी वायु बाहेर न सोडतां पाण्यांत धरावा लागतो. तो भाग येथें सोडून देतों.)

समजा, १०० किलो खडकांत ७० किलो फॉस्फेट, १० किलो चुनखडी व बाकी वाळूमाती आहे. फॉस्फेटास ४४ किलो आम्ल लागेल. चुनखडी मात्र न बोलावतां पहिल्या पंगतीस बसणारी! आम्ल पडतांच ती फसफसते आणि जवळजवळ आपल्या वजनाइतकें आम्ल पिऊन टाकते. तेव्हां एकंदर ५४ किलो पाहिजे. तिला विसरून ४४ किलोच घातलें, तर १० किलो तिच्याकडे जातें, फॉस्फेटाच्या वाट्यास ३४ किलो येतें, आणि ७० पैकीं सुमारें १६ किलो फॉस्फेट जसेंच्या तसें दगड राहतें. सगळी तूट स्फुरदाच्याच माथीं बसते. उलट आम्ल जास्त झालें तर तें फुकट जाऊन खत ओलसर व चिकट होतें आणि गोण्या कुजतात. ह्यासाठीं आलेल्या खडकाचें पृथक्करण आधीं, आम्लाचें माप मागाहून. खडक बारीक दळावा लागतो, कारण जाड कणांवर जिप्समचें कवच चढून आंतला गाभा कोरा राहतो. आणि तयार माल कांहीं आठवडे ढिगांत मुरूं द्यावा लागतो.

आम्ल व पाणी ह्यांनीं वजन वाढल्यामुळें खडकांतील ३२ टक्के स्फुरद पोत्यांत १६ ते १८ टक्क्यांवर उतरतें. (हा आंकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो.) आंकडा लहान दिसला म्हणून माल भेसळीचा मानूं नये. आम्लांतील गंधकहि वायां जात नाहीं. तें जिप्समच्या रूपानें गोणींतच राहतें, सुमारें ११ टक्के, आणि भुईमुगासारख्या गळिताच्या पिकांस उपयोगी पडतें.

आतां पडवींतल्या ढिगाकडे वळूं. ५० किलोच्या पोत्यांत १६ टक्क्यांप्रमाणें ८ किलो स्फुरद. तेवढें विद्राव्य करण्यास कारखान्यांत सुमारें ११ किलो गंधकाम्ल खर्ची पडलें; चुनखडीनें प्यालेलें निराळें. हें सर्व काम उलटविण्यास विरवलेला चुना किती लागतो? हिशेबानें अवघा सवाआठ किलो! स्फुरद पुनः चुन्याशीं जखडलें जातें, आणि विकतच्या खताचा घरीं खडक होतो. हा पूर्ण क्रियेचा हिशेब झाला; मिश्रण कोरडें असेल तर क्रिया हळू चालते, ओल लागली कीं वेगानें. राखेंत चुना कमी असला तरी तिचेंहि वळण तेंच. आणि मिश्रणांत अमोनियम सल्फेट असेल तर चुन्यानें अमोनिया उडून जातो, तें नुकसान वेगळें. नाकास येणारी उग्र घाण त्याचीच.

देशावरील काळ्या जमिनींत चुनखडी मूळचीच असते. तेथें सुपरफॉस्फेट रानभर फेकल्यास कणाकणास चुना भेटतो. तें दोन चाड्यांच्या पाभरीनें बियाण्याच्या ओळींत, बियाण्याखालीं थोड्या अंतरावर पडलें, किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतांत मिसळून ओळींतच दिलें, तर मातीशीं संबंध कमी येतो. कोंकणच्या आंबट तांबड्या जमिनींस चुना हवा असतो हें खरें. पण तो कांहीं आठवडे आधीं देऊन मातींत मिसळावा व सुपरफॉस्फेट मागाहून, ओळींत द्यावें. अशा जमिनींत नारळ-आंब्यासारख्या दीर्घायुषी झाडांस बारीक दळलेला कच्चा फॉस्फेटी खडकहि चालतो. जमिनीचें स्वतःचें आम्ल तो सावकाश विरघळवितें, आणि कारखान्याच्या आम्लाचे पैसे वांचतात. काळ्या चुनखडीच्या रानांत मात्र तो टाकणें म्हणजे दगडांत दगड टाकणें होय.