कळफलकाची मांडणी

(संगणकावर मराठी लिहिताना एवढी सगळी अक्षरे थोड्याशा कळांवर कशी मावतात, हे या पाठात सांगितले आहे.)

जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यात आष्टी हे गाव आहे. समजा, आष्टीच्या एका मुलाने दाखल्यासाठी अर्ज केला. दाखला हाती आला, तर त्यावर 'सय्यद' ऐवजी 'सयद' छापलेले! लिहिणाऱ्याला अर्धा 'य' कसा काढायचा हे माहीत नव्हते. चूक एका अक्षराची. पण त्या मुलाला पुन्हा अर्ज करावा लागला, पुन्हा हेलपाटा घालावा लागला.

मुलांनो, अशी चूक का होते? इंग्रजीत अक्षरे फक्त २६. मराठीत व्यंजनेच ३४. त्यांशिवाय स्वर, काना-मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार आणि विसर्ग आहेत. त्यात जोडाक्षरांची भर! प्रत्येक व्यंजन प्रत्येक व्यंजनाला जोडायचे म्हटले, तर ३४ × ३४ म्हणजे ११५६ जोड्या होतील. एवढ्या कळा कोण लावणार? आणि लावल्या तरी बोटे कुठवर पोहोचणार?

अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सोबत्यांनी बनवलेले टंकयंत्र १८७४ साली रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. ते इंग्रजीसाठी होते. पुढे देवनागरी टंकयंत्रे आली. त्यांत अनेक अर्ध्या अक्षरांना वेगळी जागा द्यावी लागे. त्यामुळे जागा अपुरी पडे आणि शिकणाऱ्याला बरेच पाठ करावे लागे.

संगणक आला आणि ही अडचण दूर झाली. आता अक्षराचा आकार कळेवर असण्याची गरज उरली नाही. तो संगणक स्वतः जुळवतो. भारतीय लिपींसाठी 'इन्स्क्रिप्ट' नावाची मांडणी तयार झाली. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने आपल्या मानकात तिचा समावेश केला.

या मांडणीत तीन युक्त्या आहेत.

पहिली युक्ती तुम्हांला ओळखीची वाटेल. उर्दूत 'काफ'ला दोचश्मी हे जोडली की 'ख' होतो. 'गाफ'ला जोडली की 'घ' होतो. इथेही तसेच आहे. 'क' ची कळ दाबली की 'क' उमटतो. शिफ्टची कळ धरून तीच दाबली की 'ख' उमटतो. ग-घ, च-छ, ज-झ, ट-ठ, ड-ढ, त-थ, द-ध, प-फ, ब-भ या जोड्याही अशाच एकेका कळेवर आहेत. दहा कळांत वीस अक्षरे!

दुसरी युक्ती स्वरांची. काना आणि 'आ' एकाच कळेवर, ऱ्हस्व वेलांटी आणि 'इ' एकाच कळेवर. स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. त्यामुळे दोन्ही हातांना आळीपाळीने काम मिळते.

तिसरी युक्ती सर्वांत मोलाची. अक्षराचा पाय मोडण्यासाठी एकच कळ आहे. उर्दूत 'सय्यद' लिहिताना 'ये' एकदाच लिहून तश्दीद देतात. मराठीत 'य' दोनदा लिहून पहिल्याचा पाय मोडतात. म्हणून स, य, पायमोड, य, द अशा पाच कळा क्रमाने दाबल्या की 'सय्यद' तयार! मोहम्मद, गफ्फार, अब्दुल्ला ही नावेही याच रीतीने लिहिता येतात. 'ज़' किंवा 'फ़' यांच्या खालच्या नुक्त्यालाही स्वतंत्र कळ आहे.

पाहा, कळा वाढवल्या नाहीत. अक्षरांची नाती ओळखली, म्हणून थोडक्यात काम भागले. चांगली मांडणी म्हणजे नुसती काटकसर नव्हे. तीत कोणाचेही नाव अपुरे राहता कामा नये. आष्टीच्या त्या मुलाला एवढेच तर हवे होते.

शब्दार्थ
कळ – बटन
कळफलक – कीबोर्ड
हेलपाटा – एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा मारावी लागणारी फेरी
आळीपाळीने – बारी बारी से
काटकसर – किफायत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : मराठीत व्यंजने किती आहेत?
२. देवनागरी टंकयंत्रात जागा अपुरी का पडे?
३. 'सय्यद' प्रमाणे 'मोहम्मद' हे नाव लिहिण्यासाठी दाबायच्या कळांचा क्रम लिहा.
४. उपक्रम : वहीत चौकोन आखून स्वतःचा छोटा कळफलक तयार करा. त्यावर वर्गातील प्रत्येकाचे नाव लिहिता येते का, ते पाहा.