कापड हातानं ओळखावं

बयो, दुकानात गेलीस की कापडाचा रंग नंतर बघ, आधी हात लाव. मुठीत दाबून सोड. सुतीवर चुण्या पडतात आणि तशाच राहतात; पॉलिस्टर लगेच सरळ होतं. मग दोन बोटांत चोळ. पांढरी भुकटी झडली तर ती खळ. पहिल्या धुण्यात ती जाणार आणि तुझ्या हातात जाळी उरणार.

सगळ्यात फसवं रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस. त्याला वाईट म्हणत नाही मी. लाकडाच्या लगद्यापासून करतात, अंगाला गार लागतं, घाम टिपतं, अंगावर छान पडतं. आपल्या कल्याणजवळ शहाडला त्याच्या धाग्याचा जुना कारखाना आहे. पण दुकानात तेच ‘कॉटनच आहे हो ताई’ म्हणून गळ्यात मारतात. ‘बांबूचं कापड’ म्हणून महाग विकतात, तेही बहुतेक वेळा व्हिस्कोसच. सूत की रेयॉन हा फरक जाळून कळत नाही, दोन्ही कागदासारखीच जळतात. तिथं पाणी लागतं. कडेचा धागा उसव, मधोमध ओला कर आणि दोन्ही टोकं धरून ताण. रेयॉन ओल्या जागीच पटकन तुटतं. सूत ओलं झालं की उलट बळकट होतं. म्हणून सुती चादर खुशाल धोपटावी. रेयॉनचा कुर्ता मात्र पिळायचा नाही, हलकेच दाबून पाणी काढायचं.

रेशमाला काडीच लागते. पदराच्या दशांतला एक धागा घे, जरीचा नको, आणि चिमट्यात धरून पेटव. पाण्याची वाटी जवळ असू दे. केस जळल्याचा वास आला आणि मागं उरलेली काळी गोळी बोटानं चुरडली, तर रेशीम. टणक मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळल्याचा वास आला तर ज्याला ‘आर्ट सिल्क’ म्हणतात ते, म्हणजे पुन्हा आपलं रेयॉनच! इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असू शकतो, तेव्हा एका धाग्यावर निकाल देऊ नकोस.

लोकर गार पाण्यात भिजवावी, चोळू नये. चोळली की ती आटून घट्ट होते, मग ओढूनही पूर्ववत होत नाही.

आणि सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात घाल. अस्तरसुद्धा. तेच सगळ्या विसरतात. मग पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड फुगतं आणि बोलणी बिचारा शिंपी खातो.