वाफसा आणि उपग्रह
सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने जमिनीतील ओलाव्याचे मापन

दिल्लीच्या पहाडगंज भागात पावसाची एखादी सर येऊन गेली म्हणजे पाणी फरसबंद गल्ल्यांवरून वाहत जाऊन गटारास मिळते. तेथून पश्चिमेस काही किलोमीटरांवर, पुसा येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या शेतांत, तीच सर जमिनीत मुरते आणि पुढे काही दिवस पिकाच्या उपयोगी पडते. यावरून असे दिसून येईल की, पर्जन्यमापकातील आकडा आणि जमिनीत शिल्लक राहिलेला ओलावा या दोन भिन्न गोष्टी होत.

शेतकऱ्यास प्रयोजन असते ते दुसऱ्या गोष्टीशी. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकरी मृगाची पहिली सर पडताच तिफण जुंपीत नाही. तो वाफशाची वाट पाहतो. मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, अशी जी स्थिती तिला वाफसा म्हणतात. ओल वरवरची असताना पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर उगवलेले रोप करपते व दुबार पेरणीचा भार शेतकऱ्यावर पडतो. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

ओलावा मोजण्याची मूळ रीत साधी आहे. मातीचा नमुना तोलून तो १०५ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत साधारणतः २४ तास वाळवितात आणि पुन्हा तोलतात. वजनात आलेली घट म्हणजे मातीतील पाणी. ही रीत विश्वसनीय खरी; परंतु तिने एका जागेचाच ओलावा कळतो. संपूर्ण जिल्ह्याचा ओलावा दर दोनतीन दिवसांनी जाणावयाचा असेल, तर उपग्रहाचे साहाय्य घ्यावे लागते.

हे शक्य होते ते पाण्याच्या एका गुणधर्मामुळे. पाण्याच्या रेणूचे एक टोक धनविद्युत्‌भारित व दुसरे ऋणविद्युत्‌भारित असल्याने विद्युत्‌क्षेत्रात तो सहज वळतो. पदार्थाच्या अशा प्रतिसादाचे माप म्हणजे परावैद्युतांक. कोरड्या मातीचा परावैद्युतांक ३ ते ४ असतो, तर पाण्याचा सुमारे ८०. त्यामुळे मातीत थोडे पाणी मिसळले तरी हा अंक लक्षणीय वाढतो.

या वाढीचा माग दोन प्रकारे घेता येतो. प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानानुसार क्षीण सूक्ष्मतरंग बाहेर टाकीत असतो. कोरडी जमीन ते अधिक टाकते, ओली जमीन कमी; हा फरक किरणमापी टिपतो. दुसऱ्या प्रकारात रडार स्वतः तरंग पाठवून परतलेल्या तरंगांचे मापन करते. ओली जमीन अधिक तरंग परतविते. मात्र नांगरलेल्या ढेकळांचे शेतही तसेच करते. म्हणून जमिनीचा खडबडीतपणा व पिकाची दाटी यांचा हिशेब वेगळा काढावा लागतो.

तरंगाची लांबीही महत्त्वाची आहे. भारताच्या ‘भास्कर-१’ या १९७९ साली सोडलेल्या उपग्रहावर १९ व २२ गिगाहर्ट्‌झचे किरणमापी होते. त्यांचे आखूड तरंग समुद्र व हवेतील बाष्प यांच्या अभ्यासास योग्य होते. पिकाच्या पानांखालील मातीचा वेध घेण्यास सुमारे २१ सेंटिमीटर लांबीचे तरंग सोईचे ठरतात. त्यांना पावसाळी ढगांचाही अडथळा होत नाही. युरोपचा ‘स्मॉस’ (२००९) आणि अमेरिकेचा ‘स्मॅप’ (२०१५) हे उपग्रह याच तरंगांचा उपयोग करतात. ‘स्मॅप’वरील रडार जुलै २०१५ मध्ये बंद पडले, त्यानंतर त्याचे काम किरणमापीवर चालले.

या मापनाच्या मर्यादा मात्र विसरता येत नाहीत. ‘स्मॅप’च्या मूळ नकाशातील एकेक चौकोन ३६ किलोमीटर बाजूचा असतो. अशा एका चौकोनात पहाडगंजच्या गल्ल्या, पुशाची शेते आणि यमुनेचे पात्र ही सारी सामावू शकतात, आणि हाती येतो तो त्यांचा एकच मिश्र आकडा. शिवाय हे तरंग वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थराचीच वार्ता आणतात. मुळांजवळची ओल गणिताने अनुमानावी लागते. मातीचा प्रकारही ध्यानात घ्यावा लागतो. काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण पुष्कळ पाणी घट्ट धरून ठेवतात. अशा पाण्याचे रेणू मोकळेपणाने वळत नाहीत आणि मुळांनाही ते मिळत नाही. ज्या आकड्यास वाळूमिश्रित जमीन ओली म्हणावी, त्याच आकड्यास काळ्या रानातील पीक सुकू लागलेले असते.

चौकोन लहान करण्याच्या दिशेने भारत व अमेरिका यांचा ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्यावर सुमारे २४ व ९ सेंटिमीटर तरंगलांबीची दोन रडारे असून ओलाव्याचे नकाशे २०० मीटर बाजूच्या चौकोनांनी तयार करण्याची योजना आखलेली आहे. तथापि आकाशातून आलेला प्रत्येक आकडा जमिनीवरील नमुन्याशी ताडून पाहावाच लागतो. पेरणीचा निर्णय घेण्यापूर्वी नकाशा पाहणे उपयुक्त होईल. मात्र त्यानंतर आपल्या रानात वीतभर खणून माती मुठीत दाबून पाहण्याचे काम शेतकऱ्याकडेच राहते.